एक जूनची माणसं

२० मार्च

नागू, जयभीम.

माणूस कितीही रागात असला तरी जयभीमला उत्तर देतोच, म्हणून तिथूनच सुरुवात केली. मनातल्या मनात का होईना, तू दिलं असशील. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास. बरं केलंस. पण टपाल खात्यात थोरल्या बहिणीला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण डेपोत फाडू नकोस. कंडक्टर लोक तुकडे जुळवून वाचतील आणि गडहिंग्लज स्टँडभर आपल्या घरचा तमाशा होईल.

विहारासमोरचा आण्णांचा फळा मी बंद पडू दिलेला नाही. तू पहाटे दिनविशेष पाठवायचास आणि मी खडूनं उतरवायचे, तोवर सगळं सोपं होतं. आता मजकूर मलाच शोधावा लागतो. परवा कुणाच्या तरी जयंतीला पुण्यतिथी लिहिलं, तर दूधवाल्यानं गाडी थांबवून मला सुनावलं. आजचा दिवस मात्र कुणाला विचारायची गरज नव्हती. २० मार्च १९२७, महाड, चवदार तळं. पाणी हा शब्द लिहिताना माझा हात जरा थांबला. का थांबला ते आत्ता नको.

तारखेचं बोलू. चूक माझीच. आपल्या श्रुतीच्या लग्नाच्या बैठकीला कोडोलीची मंडळी आली, त्यांनी भटजींकडून काढून आणलेला मुहूर्त पुढं केला, सहा मे, आणि मी हो म्हणून मोकळी झाले. पृथ्वीराजला कंपनी जूनच्या मध्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवतेय, त्याच्या आत लग्न व्हायला हवं, त्या दिवशी हॉल मोकळा आहे, एवढंच माझ्या डोक्यात. शाहू महाराजांचा स्मृतिदिन माझ्या ध्यानातच आला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! गल्लीला रोज दिनविशेष सांगणारी बाई स्वतःच्या लेकीच्या वेळी झोपली.

तुझं बोलणं मला अजून पाठ आहे. "सहा मेला अख्खं कोल्हापूर मान खाली घालून उभं असतंय, आणि आपण बँड लावायचा व्हय? छप्पन सालापासनं आण्णांनी पंचांग उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाय. तू लगीन लाव आक्का. मामा म्हणून माझी वाट बघू नगंस." आणि भरल्या ताटावरून उठून गेलास. शिवानीला बिचारीला तोंडातला घास तसाच घेऊन नवऱ्यामागं पळावं लागलं.

अरे, आण्णांचं मला सांगतोस? मुहूर्त बघायचा नाही म्हणून त्यांनी दिनविशेष बघायला सुरुवात केली, आणि मग त्याचाच मुहूर्त करून ठेवला. माझं लग्न चौदा ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी. विहिरीवर मोटर बसवायची तर फुले जयंतीला. तुझं टॉन्सिलचं ऑपरेशन तर कुणा ना कुणा थोर माणसाची पुण्यतिथी आड आली म्हणून दोनदा पुढं गेलं, आणि तोवर तुझे टॉन्सिल आपोआप बरे झाले. त्या घरातली मुलगी आहे मी. चुकले, पण विसरलेले नाही.

तारीख बदलून आणते. तू तेवढा मागं उभा राहा.

तुझी,
आक्का


१६ एप्रिल

नागू, जयभीम.

परवा भीमजयंतीला तू आला नाहीस. चौकात सगळे मला विचारत होते, भाऊ कुठं? मी सांगितलं, ड्यूटी लागली. खोटं बोलायला लावलंस तेही जयंतीच्या दिवशी. मिरवणुकीत श्रुती पुढं होती, निळा फेटा बांधून. दर वर्षी तिचा फेटा तूच बांधतोस. यंदा तिनं मोबाइलवर बघून स्वतः बांधला आणि बिंदू चौकापर्यंत पोचेपर्यंत तो तिच्या डोळ्यांवर आला.

मी कोडोलीला जाऊन आले. पृथ्वीराजच्या वडिलांना, हंबीररावांना, हात जोडून म्हटलं, सहा मे सोडून कुठलाही दिवस द्या. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की गोठ्यातल्या म्हशी सुद्धा कान टवकारतात. म्हणाले, "ताई, महाराजांना आम्ही पण मानतो की. पर मुहूर्त म्हंजे मुहूर्त. त्याच्या मागल्या-पुढल्या तारखांना हॉल न्हायती, आणि सतरा मेपासनं धोंड्याचा महिना लागतोय. धोंड्यात आमच्यात लगीन न्हाय हुईत. आधीच भावकीतली निम्मी माणसं रुसून बसल्यात. आता आनी मुहूर्त मोडला म्हणून उरल्याली बी जातील." भावकी कशासाठी रुसली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपली पोरगी घरात येतेय म्हणून. दुसरं काय असणार?

घरी आल्यावर श्रुतीला सगळं सांगितलं. वाटलं रडेल, भांडेल. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तारीख कुठलीही असू दे. पण मामा नाही आला तर त्याच्या जागी कुणालाही उभं करायचं नाही. काकांच्या प्रसेनजीतदादाला नाही, कुणालाच नाही. ती जागा मोकळी राहील. सगळ्यांना दिसू दे." तिचे बाबा गेले तेव्हा ती आठवीत होती. त्यानंतर तिच्या प्रत्येक परीक्षेला केंद्राबाहेर झाडाखाली कोण बसलं, स्कूटी शिकवताना कुणाचा गुडघा फुटला, हे मी तुला काय सांगायचं?

आणि आता ते दुसरं. शिवानी परवा फोनवर म्हणाली, "आक्का, तारीख हे निमित्त आहे. ह्यांनी तो कप बघितला." मी विषय बदलला. पण नागू, तो कप मीही बघितला होता. पृथ्वीराजच्या आजीनं, चिमणाबाईंनी, आपला चहा हातात घेतला, खाली ठेवला, "उपास हाय" म्हणाल्या आणि बैठक संपेपर्यंत त्याला हात लावला नाही. चहावर साय धरली. उपासाला चहा चालतो हे मलाही कळतं. बघूनही मी हसत हसत कप उचलला आणि आत नेऊन मोरीत ओतला. श्रुतीला कळू नये, एवढंच माझं चाललं होतं. तू उठून गेलास, मी गिळलं. कुणाचं बरोबर ते मला अजून ठरवता येत नाही.

जाऊ दे. आजचा फळा बघ. "१६ एप्रिल १८५३, भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदरहून पुण्याला धावली." बरं लिहिलंय ना?

आक्का


२७ एप्रिल

नागू, जयभीम!

तुझं कार्ड मिळालं. सव्वा महिन्यानं भावाचे चार शब्द आले, तेही असे: "पुण्याला नव्हे. ठाण्याला. डोकं तपास."

मूर्खा, मला माहीत होतं ठाण्याला. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. फळ्यावर ठाणेच लिहिलं होतं, फक्त तुझ्या पत्रात पुणे घातलं. बहिणीशी अबोला धरणं तुला जमतं, पण चुकीची तारीख बघून गप्प बसणं तुझ्या बापालाही जमलं नसतं. कार्ड मी आरशाला लावून ठेवलंय.

आता नीट बसून वाच. काल दुपारी दाराशी चिमणाबाई उभ्या. एकट्या, कोडोलीच्या एसटीनं आलेल्या. काखेत पिशवी, त्यात गुळाची अर्धी ढेप. घरात सांगून आल्या नव्हत्या म्हणे. "हंब्याला कशाला इचारू? त्यो मला इचारून जल्माला आलाय व्हय?" मी बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली, तर त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याजवळ पाटावर बसल्या.

"चहा टाक की," म्हणाल्या.

माझं डोकं तापलं. खोटं सांगत नाही, तोंडावर आलं होतं की आज उपास नाही वाटतं? पण मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "त्या दिशी मला उपास न्हवता. खोटं बोलले. कुणाच्यात प्यायचं, कुणाच्यात न्हाय, ह्ये ल्हानपणी कुणी शिकवत न्हाय बघ. नुस्तं मोठ्यांचं बघून बघून हाताला वळण पडतंय. कप तोंडाकडं न्यायचा म्हणलं तर हातच उचलंना. माझी मलाच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून जास्तच उचलंना."

मी म्हटलं, "मग आज कसा उचलणार?"

"नातवानं सांगिटलं. पोरगी म्हणतीया, मामाची जागा मोकळी ठिवणार. समद्या मांडवाम्होरं. ती मोकळी जागा माझ्या एका कपापायी हाय, ह्ये तिला ठावं न्हाय. तुला हाय. तुज्या भावाला हाय. मी तिकडं बघत अक्षता कशा टाकू गं?"

मी चहा टाकला. आलं घातलं, साखर जरा जास्तच पडली. त्यांनी बशीत ओतला आणि फुर्रकन प्यायला. परत कप पुढं केला. मी परत ओतला. आम्ही दोघीही रडलो नाही, उगाच मनात चित्र रंगवू नकोस. माझा राग सगळा गेला असंही नाही. सत्तर वर्षांचं वळण दोन कपांनी मोडत नसतं. पण एवढ्या म्हाताऱ्या बाईनं एसटीत उभ्यानं येऊन माझ्या ओट्याशी बसून खरं सांगितलं, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तिचा कप मी लपवला होता, हे कसं लपवू?

मग तारखेवर आलो. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढायला लावलं. मी म्हटलं, सहा मे नको. म्हणाल्या, "नगंच. म्हाराजांच्या दिशी माझ्याबी नरड्याखाली घास उतरायचा न्हाय. भटाला काय कळतंय? त्यो इचलकरंजीचा." मी म्हटलं, सोळा मेपर्यंत दुसऱ्या कुठल्या दिवशी हॉल नाही आणि पुढं तुमचा धोंड्याचा महिना. पृथ्वीराज तर पंधरा जूनला विमानात बसणार.

त्या कॅलेंडरवर बोट फिरवत बसल्या. "धोंड्यात हॉल समदं मोकळं असत्यात न्हवं?"

"तुमच्यात लग्न होत नाही ना पण."

"न्हाय हुईत. ह्या वक्ताला हुईल. धोंड्यात लोकं जावयाला घरी बोलवून वाण देत्यात. मी नातसून आणीन. मोकळ्या जागंपरीस धोंडा बरा." आणि एकदम म्हणाल्या, "एक जून घे. माजा वाडदिवस हाय त्या दिशी. म्हंजे आधारवर."

मला इतकं हसू आलं की कढईवरचं झाकण खाली पडलं. नागू, कळलं का? आण्णा एक जूनचे. मी एक जूनची. तू एक जूनचा. आण्णा मला शाळेत घालायला घेऊन गेले, हेडमास्तरांनी जन्मतारीख विचारली, तर आण्णा विहाराचा पाया कधी भरला ते आठवून आठवून सांगायला लागले. हेडमास्तरांनी ऐकूनही घेतलं नाही, सरळ एक जून लिहिलं आणि पुढचं पोर हाकारलं. तिकडं कोडोलीच्या शाळेतही तेच. चिमणाबाई म्हणाल्या, "दुसरीपातूर गेलते की शाळंत. आमच्या वर्गातली समदी पोरं एकाच दिशी जल्मली. आमचं हे बी एक जूनचं." शाळा जूनला उघडते, वय बसलं पाहिजे, मास्तरांना घाई. जात बघितली नाही, गाव बघितलं नाही, एका फटक्यात सगळ्यांना जन्माला घातलं. मी त्यांना म्हटलं, ह्या तारखेला आमचा नागसेन नाही म्हणू शकणार नाही, पहिली एसटी सुद्धा एक जूनलाच सुटली होती, १९४८ साली, पुण्याहून नगरला. त्या म्हणाल्या, "मग तर येळंवर यील."

हंबीररावांनी संध्याकाळी फोनवर खूप आरडाओरडा केला. मागून चिमणाबाईंचा आवाज येत होता, "मी जित्ती हाय तवर मुहूर्त मी काडणार!" शेवटी ते दमले. भावकीतली आणखी दोन घरं गळाली. गळू देत.

तू ये.

आक्का


६ मे

नागू,

आज सकाळी मी नर्सरी बागेत महाराजांच्या समाधीला गेले होते. तूही आला होतास. माझ्यापासून चार-पाच माणसं सोडून, मान खाली घालून उभा. मागून तुझं टक्कल ओळखलं, आपल्या आण्णांसारखंच डावीकडून पडत चाललंय. हाक मारणार होते, पण सगळे स्तब्ध उभे होते. फुलं वाहून मागं वळले, तर तू नव्हतास. कुठल्या गाडीची घाई होती रे?

आज आपल्या दारात बँड वाजला असता. तू अडवलास. बरं झालं, तू ओरडलास ते. हे मला समोरासमोर म्हणायचं होतं, म्हणून पत्रात मावत नाहीये.

सोबत पत्रिका आहे. मामा म्हणून तुझं नाव छापलंय. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि छापखानेवाला घाई करत होता.

आक्का


४ जून

नागू, जयभीम.

तू म्हणशील, आता कशाला पत्र? अबोला संपला, फोन सुरू झाला, ग्रुपमध्ये परत आलास आणि पहिल्याच दिवशी माझ्या फळ्यातल्या दोन चुका सगळ्यांसमोर काढल्यास. बहीण म्हणून मी ते गोड मानून घेतलंय. पण एक गोष्ट फोनवर सांगता येणार नाही, मला हुंदका येईल आणि तू "रेंज न्हाय" म्हणून ठेवशील.

आधी तुला थोडं बोलून घेते. एसटीच्या माणसाला एसटीच उशिरा मिळावी! डेपोतला वर्धापन दिनाचा नारळ तुझ्याशिवाय फुटला नसता का? खाकी गणवेशातच मांडवात आलास, शर्टावर गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. आणि लग्नानंतर चिमणाबाई स्वतः तुझ्यासाठी चहा घेऊन आल्या, तर तू काय म्हणालास? "मला उपास हाय." त्या तुझ्याकडं बघत राहिल्या आणि मग खो खो हसल्या. "माझंच मला घालताय व्हय पावणं?" मग तू प्यायलास. तळाशी साखर राहिली तर बोटानं चाटलीस. लाज कशी वाटत नाही तुला?

आपल्या बाजूनं फुलं पडत होती आणि त्यांच्या बाजूनं तांदूळ. आधी ठरलं होतं, फक्त फुलं. पण कोडोलीच्या बायकांचे हात कोण धरणार? तुझ्या डोक्यावर कितीतरी तांदूळ थांबले होते, घसरायला केसच नाहीत. तू रागानं बघत होतास. मला मात्र बरं वाटलं. आण्णांनाही वाटलं असतं, पण त्यांनी ते कबूल केलं नसतं.

आता मुख्य. मामा नवरीच्या मागं उभा असतो. त्याला तिची पाठ दिसते, अंबाडा दिसतो, तोंड दिसत नाही. म्हणून तुला माहीत नाही, आणि मला समोरून सगळं दिसलं.

वंदना सुरू झाली तेव्हा तुझी जागा मोकळी होती. श्रुतीनं सांगितल्याप्रमाणे खरंच मोकळी ठेवली होती. लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी प्रसेनजीतला पुढं ढकललं, त्यानंच अंग मागं घेतलं. पंचशील झालं. हार आणले. पृथ्वीराजनं हार हातात धरला आणि तो तिच्याकडं बघत थांबला. शहाणं पोरगं आहे, घाई केली नाही. हंबीरराव घड्याळ बघत होते, पण तेही काही बोलले नाहीत, आणि त्यांना गप्प बसणं किती जड जातं ते तुला ठाऊक आहे. श्रुती समोर बघत होती. ताठ. तिचा चेहरा नागू, बाबांना नेलं त्या दिवशी होता तसा होता. कोरडा. मी मनात म्हणत होते, रड गं बाई, नाहीतर ओरड तरी.

मग मागं गडबड झाली. तुझे ते डेपोतले बूट वाजले. तू धापा टाकत तिच्या मागं येऊन उभा राहिलास आणि काय पुटपुटलास? "हातकणंगल्याच्या फाट्यावर चाक बसलं" असलं काहीतरी. गडहिंग्लजहून येताना हातकणंगले कुठून लागलं, हे मी नंतर विचारणार आहे.

तिनं वळून बघितलं नाही. तुझा आवाज ऐकला आणि डोळे मिटले. पदर डोक्यावर नीट घेतेय असं तुला मागून वाटलं असेल. ती पदरानं तोंड झाकत होती. पदराआडून मला एवढंच दिसलं की ती आठवीतल्या पोरीसारखी हसतेय आणि रडतेय, आणि ओठ हलवून स्वतःशीच म्हणतेय, "आला. आला."

मला बघायला मिळालं. तुला नाही मिळालं. म्हणून लिहून पाठवतेय.

आक्का